ठिपक्यांचं पाकट नेमकं कोणतं?

गणेश पेठेतल्या मासळी बाजारात रविवारी सकाळी सुरमई आणि पापलेटभोवती पाय ठेवायला जागा नसते. पाकटासमोर, म्हणजे त्या चपट्या, शेपटीवाल्या माशासमोर मात्र आरामात उभं राहता येतं. पुण्यात पाकट मागणारा माणूस बहुधा कोकणातून आलेला असतो, नाहीतर माझ्यासारखा, कोकणातल्या कुणाच्या तरी हातचं कालवण एकदा खाल्लेला.

त्या दिवशी फळीवर एक चांगलं मोठं पाकट आडवं टाकलेलं होतं. पिवळट तपकिरी पाठ आणि तिच्यावर दाट काळे ठिपके. सोबत माझी भाची होती, अकरावी सायन्सची. तिनं मासेवालीला विचारलं, "मावशी, हे कुठलं पाकट?"

मावशींनी कोयता न थांबवता उत्तर दिलं, "पाकट म्हंजे पाकट. ठिपक्याचं हाय. घ्यायचंय का?"

भाचीनं फोन काढला, फोटो घेतला आणि एका ॲपला विचारलं. ॲपनं नाव दिलं, 'हिमान्टुरा उअरनाक'. सोबत एक नकाशाही दाखवला. लाल समुद्र, दक्षिण आफ्रिका, भारत, इंडोनेशिया, तैवान आणि थेट उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत रंगवलेला किनारा. "मामा, म्हणजे ऑस्ट्रेलियातही हेच पाकट?" मी आत्मविश्वासानं हो म्हणालो.

ते चुकीचं होतं. का चुकीचं होतं, हे शोधताना जे हाती लागलं ते भाचीला सांगितलंच. आता इथंही लिहितो.

आधी पाकट म्हणजे काय ते उरकून टाकू. मुशी आणि मोरी, म्हणजे शार्क, ज्या घराण्यातल्या, त्यातलंच हे चपटं भावंड. अंगात हाड नाही, सगळा सांगाडा कूर्चेचा, आपल्या कानाच्या वरच्या भागात असते तसल्या. डोळे वर, तोंड आणि कल्ले खाली. वाळूत रुतून बसलं की तोंडानं पाणी घेता येत नाही, म्हणून डोळ्यांमागे दोन भोकं असतात आणि पाणी तिथून आत घेतलं जातं. शेपटीवर करवतीसारखे दाते असलेला काटा असतो. तो म्हणजे बदललेला खवलाच. त्याच्यावरच्या पातळ आवरणात विष असतं. जाळ्यात पाकट आलं की ते बोटीवर घेताच आधी हा काटा उडवतात, त्यामुळे बाजारात तो दिसत नाही.

आता नावाकडे. शास्त्रीय नाव आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं असतं, आधी आडनाव, मग नाव. 'हिमान्टुरा' हे आडनाव, म्हणजे प्रजाती. 'उअरनाक' हे नाव, म्हणजे जाती. या आडनावाच्या वर एक मोठं कूळ आहे, 'डॅसिॲटिडी'. चाबकासारखी शेपटी आणि तिच्यावर काटा असलेली बहुतेक समुद्री पाकटं त्यात येतात.

हिमान्टुरा हा शब्द ग्रीक. अर्थ चामड्याच्या वादीसारखी शेपूट. या कुळातल्या काहींची शेपटी आखूड आणि जाड असते, पण आपल्या ठिपकेवाल्याची शेपटी अंगाच्या रुंदीच्या जवळजवळ तिप्पट भरते. तिच्यावर आडवे काळे-पांढरे पट्टे असतात आणि खालीवर कातडीची झालर नसते. १८३७ साली हे आडनाव दोन जर्मन शरीरशास्त्रज्ञांनी ठेवलं, योहानेस म्युलर आणि याकोब हेन्ले. हेन्ले हे नाव अकरावी-बारावीच्या मुलांना चांगलंच पाठ असतं. मूत्रपिंडातला 'हेन्लेचा पाश' त्याचाच. मूत्रपिंडाच्या नळ्या मोजणारा माणूस पाकटांची आडनावंही ठरवत होता, हे भाचीला कळल्यावर तिनं फक्त "बापरे, हा इथेही?" एवढंच म्हटलं.

'उअरनाक'ची गोष्ट मात्र लांबची आहे आणि ती मला फार आवडते.

१७६१ साली डेन्मार्कच्या राजानं अरबस्तानात सहा जणांची एक मोहीम पाठवली. त्यात पेटर फोर्स्कोल होता, लिनेयसचा विद्यार्थी. सगळ्या सजीवांना आडनाव-नाव द्यायची पद्धत रूढ करणारा तो लिनेयस. फोर्स्कोल लाल समुद्राच्या काठी कोळ्यांकडून मासे घ्यायचा, त्यांना काय म्हणता ते विचारायचा आणि तेच अरबी नाव शास्त्रात लिहून टाकायचा. 'उअरनाक' असंच आलं, जेद्दाच्या कोळ्यांच्या तोंडून. मासे टिकवायची त्याची एक खास तऱ्हा होती. झाडपाला दाबून कागदावर चिकटवतात तशी तो माशाची अर्धी कातडी सुकवून कागदावर चिकटवायचा. त्याचे ते कागद आजही कोपनहेगनच्या संग्रहालयात आहेत.

फोर्स्कोल १७६३ मध्ये येमेनमध्ये मलेरियानं गेला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. त्याच्या आधी एक सहकारी गेला होता. उरलेले बोटीनं मुंबईकडे निघाले, वाटेत दोघे गेले आणि तिसरा मुंबईत वारला. सहातला एकटा कार्स्टन नीबूर उरला. तो मुंबईत राहिला, घारापुरीला जाऊन लेण्यांची मोजमापं घेतली, चित्रं काढली. मग घरी पोचल्यावर १७७५ साली त्यानं मेलेल्या मित्राच्या टिपणांचं पुस्तक छापलं. म्हणजे ज्या माणसाच्या हातून 'उअरनाक' हा शब्द जगासमोर आला, तो आपल्या घारापुरीचा डोंगर चढून गेलेला होता.

पण त्या पुस्तकातली नोंद अगदी त्रोटक होती. नंतर लिनेयसच्या मोठ्या यादीची नवी आवृत्ती काढताना ग्मेलिननं १७८९ मध्ये ती उचलली. म्हणून काही ग्रंथांत या जातीपुढे 'फोर्स्कोल, १७७५' असं असतं आणि काहींत 'ग्मेलिन, १७८९'. दोन्ही ठिकाणी नाव आणि साल कंसात असतं. तो कंस उगाच नसतो. ज्यानं नाव ठेवलं त्यानं तेव्हा आडनाव वेगळं लावलं होतं, हे त्यातून कळतं. १७८९ मध्ये हे पाकट 'राजा' या आडनावाखाली होतं, कारण तेव्हा असले सगळेच चपटे मासे त्याच खात्यात टाकलेले होते. पुढे आडनाव बदललं की मूळ नाव ठेवणारा कंसात जातो. एकदा ही खूण कळली की शास्त्रीय नाव वाचायला वेगळीच मजा येते.

खरी अडचण दुसरीच होती. उअरनाकचा मूळ नमुना, ज्याच्याशी बाकीचे ताडून बघायचे तो, आज उपलब्धच नाही. उरलं फक्त त्रोटक वर्णन आणि 'जेद्दा' हे ठिकाण. त्यामुळे पुढची दोनशे वर्षं हिंदी महासागरात आणि पश्चिम प्रशांतात जिथं जिथं ठिपकेदार, जाळीदार, लांब शेपटीचं मोठं पाकट सापडलं, तिथं तिथं लोकांनी बिनदिक्कत 'उअरनाक' लिहिलं. नकाशा फुगत गेला. फोनवर दिसलेला नकाशा हा त्या फुगण्याचाच शेवट होता.

मध्ये मध्ये शंका घेणारे होते. १८५२ मध्ये बाटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, डच सैन्यातला डॉक्टर पीटर ब्लीकर यानं एक वेगळं पाकट म्हणून 'उंडुलाटा' हे नाव दिलं. त्याच्या पाठीवर ठिपक्यांऐवजी लाटांसारखी जाळी होती. १९०९ मध्ये कोलकात्याच्या नेल्सन ॲनंडेलनं बंगालच्या उपसागरात 'गोल्डन क्राउन' या बोटीनं धरलेल्या पाकटांमधून एक वेगळं काढलं आणि त्याला लॅटिनमध्ये मधाच्या पोळ्याचं नाव दिलं. आज ते ब्लीकरच्या उंडुलाटातच धरतात. हाच ॲनंडेल पुढे १९१६ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचा पहिला संचालक झाला. त्या संस्थेचं पश्चिम विभागाचं केंद्र आपल्याकडे आकुर्डीला आहे. समुद्र सह्याद्रीपलीकडे असला तरी पाकटांच्या नावांशी पुण्याचा अगदीच संबंध नाही असं म्हणता येणार नाही.

तरी उअरनाकचं मोठं गाठोडं बांधलेलंच राहिलं. कारण या माशाचा रंग वयाप्रमाणे बदलतो. पिल्लू असताना सुटे काळे ठिपके. वाढेल तसे ठिपके फुटतात, दाटतात, एकमेकांना मिळून जाळी तयार होते. एका जातीचं पिल्लू आणि दुसऱ्या जातीचा प्रौढ शेजारी ठेवले तर कोण कुणाचं हे सांगणं अवघड. पुन्हा पूर्ण वाढलेल्या पाकटाची रुंदी दीड मीटरच्याही वर जाते, त्यामुळे संग्रहालयात जपलेली बहुतेक पिल्लंच. ज्या वयात सगळे सारखे दिसतात, नेमके तेच नमुने शास्त्रज्ञांच्या बाटल्यांत होते.

गाठोडं सुटायला २००८ उजाडलं. मलेशियाच्या सबाहमधल्या माबेल मंजाजी-मात्सुमोतो आणि ऑस्ट्रेलियाचे पीटर लास्ट यांनी दाखवलं की यातल्या काहींच्या पाठीवर बिबट्यासारख्या पोकळ, तुटक कड्या असतात. काट्यांची मांडणीही वेगळी. त्यांनी नाव ठेवलं 'लेपर्डा'. २०१३ मध्ये आणखी एक निघालं, बारीक ठिपक्यांचं, 'तुतुल'. इंडोनेशियात बिबट्याला 'माचान तुतुल' म्हणतात, त्यातलं हे. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीकडचं पाकट 'ऑस्ट्रालिस' म्हणून वेगळं झालं. एका नावाच्या जागी आता पाच नावं उभी आहेत: उअरनाक, उंडुलाटा, लेपर्डा, तुतुल, ऑस्ट्रालिस.

हे फक्त ठिपके मोजून झालं नाही. इथं डीएनए आला. तो समजावताना मला पुण्यातलंच एक उदाहरण सुचलं, आणि पाठ्यपुस्तकातल्यापेक्षा ते बरं आहे असं माझं प्रामाणिक मत आहे.

भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती झाली, १९१९ ते १९६६. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या १२५९ हस्तलिखितांचा त्यासाठी विचार झाला. मूळ प्रत कुणाकडेच नव्हती. होत्या त्या नकलांच्या नकला. नकलणाऱ्याच्या हातून कुठं शब्द बदलतो, कुठं ओळ गळते. मग त्याच्या नकलेवरून पुढच्यानं उतरवलं की ती चूक पुढे चालत जाते. म्हणून दोन पोथ्यांमध्ये एकच वेगळी चूक सापडली, तर त्या दोघी एकाच आजीच्या नाती. अशा चुका जुळवत पंडितांनी पोथ्यांची घराणी लावली, उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची. अक्षर सुंदर आहे की गचाळ, कागद आहे की ताडपत्र, यावर घराणं ठरत नाही. ते चुकांवर ठरतं.

डीएनएचं नेमकं हेच. दर पिढीला नक्कल होते, क्वचित अक्षर बदलतं, तो बदल वंशात पुढे जातो. २००३ पासून प्राण्यांसाठी एक ठरावीक तुकडा वाचायची पद्धत पडली आहे, सुमारे साडेसहाशे अक्षरांचा. त्याला 'डीएनए बारकोड' म्हणतात. जेद्दाकडचं पाकट, जावातलं पाकट आणि ऑस्ट्रेलियातलं पाकट यांचा हा तुकडा शेजारी मांडला, तर पाठीवरचे ठिपके काहीही सांगोत, अक्षरं वेगवेगळी घराणी दाखवतात. ठिपके म्हणजे हस्ताक्षर, दोन वेगळ्या घराण्यांतले लेखनिकही एकाच वळणाचं लिहू शकतात.

याच उलथापालथीत आडनावाचीही छाटणी झाली. पूर्वी हिमान्टुरा म्हणजे शेपटीला झालर नसलेल्या सगळ्यांची धर्मशाळा होती. अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या दोन जातीसुद्धा तिथंच राहत. डीएनए वाचल्यावर कळलं की त्या दोघींचं नातं दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधल्या पाकटांशी आहे. त्या सरळ दुसऱ्या कुळात गेल्या. बाकीच्यांनाही नवी आडनावं मिळाली आणि हिमान्टुरात ही ठिपकेवाली मंडळी तेवढी उरली.

पण एकाच समुद्रात राहून ही वेगळी झाली कशी? समुद्राला तर भिंती नसतात.

पाकटासाठी असतात. सुरमईसारखा मासा पाण्यात लाखो अंडी सोडतो. त्यातली इवली पिल्लं प्रवाहाबरोबर आठवडेच्या आठवडे वाहतात आणि कुठल्या कुठे जाऊन वाढतात. पाकट अंडी सोडत नाही. पिल्लं पोटात वाढवतं, गर्भाशयातून पाझरणाऱ्या दुधासारख्या द्रवावर पोसतं आणि एका वेळी तीन-चार-पाच पिल्लं जन्माला घालतं. ती जन्मतःच पूर्ण तयार, छोटी पाकटंच. वाहत जाण्याचा टप्पाच नाही. शिवाय हा मासा तळाचा, उथळ पाण्यातला, साधारण ५० मीटर खोलीच्या आतला. त्याचं खाणं, खेकडे आणि कोळंबी, तिथंच. तेव्हा चार हजार मीटर खोल समुद्र त्याच्यासाठी आपल्याला वाळवंट असतं तसा. जायचं तर किनाऱ्या-किनाऱ्यानं, पावला-पावलानं, पिढ्यान्‌पिढ्या.

आणि किनारा जागेवर राहत नाही. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. मुंबईसमोर समुद्रतळाचा उथळ पट्टा जवळजवळ ३०० किलोमीटर रुंद आहे. त्याचा मोठा भाग तेव्हा कोरडी जमीन होता. इराणच्या आखाताचा बहुतेक तळ उघडा पडला होता, म्हणजे आज तिथं असलेली पाकटं त्यानंतरच आत शिरलेली. जावा, सुमात्रा, बोर्निओ आणि मलाया एका भूभागात जोडलेले होते आणि हिंदी व प्रशांत महासागरातली उथळ वाट आवळली गेली होती. असं एकदाच नाही, गेल्या वीस-पंचवीस लाख वर्षांत पुन्हापुन्हा झालं. दर वेळी किनारपट्टीच्या माशांची वस्ती तुटायची, नकलांची घराणी वेगळी पडायची आणि पाणी चढल्यावर पुन्हा शेजारी यायची. म्हणून आज एकाच बंदरात यातल्या दोन-तीन जाती एका जाळ्यात येऊ शकतात. दिसायला बहिणी, पण वंश कधीचेच फुटलेले.

तेव्हा नवा नकाशा असा. उअरनाक मुख्यतः पश्चिमेकडचं, लाल समुद्र, आफ्रिकेचा पूर्व किनारा, अरबी समुद्र. ऑस्ट्रेलिया त्यातून गेला. लेपर्डा आणि तुतुल हिंदी महासागरापासून इंडोनेशियाकडे पसरलेली, उंडुलाटा बंगालच्या उपसागरापासून पूर्वेकडे. या सीमा अजून हलताहेत, कारण उअरनाकमध्येच आणखी घराणी लपलेली असल्याचं काही अभ्यास सांगतात. भूमध्य समुद्रातही एक गंमत झाली. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडल्यावर लाल समुद्रातले जे पाहुणे तिकडे गेले, त्यांत उअरनाकची नोंद होती. तुर्कस्तानच्या इस्केंदेरून आखातातली पाकटं पुन्हा नीट पाहिल्यावर ती लेपर्डा निघाली.

हे सगळं नावांचं दळण कशासाठी, असं वाटणं साहजिक आहे. मलाही वाटलं. पण कायदा नावानं चालतो. २००१ मध्ये भारतानं मुशी आणि पाकटांच्या गोतावळ्यातल्या दहा जातींना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं. त्यात गंगेचं पाकट म्हणून 'हिमान्टुरा फ्लुविआटिलिस' होतं. हे नाव गंगेतल्या माशांवरच्या हॅमिल्टनच्या १८२२ सालच्या पुस्तकापर्यंत मागे जातं आणि तो मासा म्हणजे नेमका कोणता यावर तज्ज्ञांचं आजही एकमत नाही. दुसरं नाव 'रिंकोबॅटस जिडेन्सिस'. अंगानं अर्धं पाकट, अर्धी मुशी असा तो मासा, आणि 'जिडेन्सिस' म्हणजे जेद्दाचा, पुन्हा आपला फोर्स्कोलच. आता कळतं की खरा जिडेन्सिस पश्चिम हिंदी महासागरापुरता आहे आणि भारतात त्या नावानं ओळखले जाणारे मासे बहुतांशी दुसऱ्या जातींचे आहेत. म्हणजे तेव्हा वॉरंट एकाच्या नावावर होतं आणि दारात उभा दुसराच. निदान संरक्षणाच्या बाबतीत तरी हा घोळ माशाच्या अंगलट आला.

उअरनाक स्वतः आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत संकटग्रस्त आहे. नकाशा लाल समुद्रापासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेला होता तोवर हा मासा भरपूर आहे असंच वाटायचं. पाच वाटण्या झाल्यावर प्रत्येकाच्या वाट्याचा किनारा आखूड झाला, आणि त्या किनाऱ्यावरच्या मासेमारीच्या नोंदवह्यांत सगळ्या पाकटांना मिळून एकच रकाना असेल, तर कुठलं घटतंय ते कळणार कुठून?

पुढच्या रविवारी आम्ही परत गेलो. या वेळी भाची तयारीनं आली होती. ठिपके भरीव की पोकळ, मधल्या काट्यांची रांग कशी, शेपटीवर पट्टे किती. फळीवर पाकट होतंही. पण शेपूट बोटीवरच उडवलेली आणि अर्ध्या पाठीची कातडी मावशींनी गिऱ्हाइकासाठी सोलून बाजूला टाकलेली. मावशींचं स्वतःचं वर्गीकरण मात्र पक्कं होतं: हे जाड मांसाचं, ते पातळ, हे कालवणाला, ते सुकं करायला. आणि वास आला तर घ्यायचं नाही. तो वासही शास्त्राला धरूनच. पाकटाच्या रक्तामांसात युरिया भरपूर असतो आणि मासा शिळा झाला की त्याचा अमोनिया होतो.

भाचीनं ॲपमधली मागच्या आठवड्यातली नोंद उघडली. 'उअरनाक' खोडलं, 'हिमान्टुरा' ठेवलं आणि नावाची जागा रिकामी सोडली.

"झालं का फोटू काढून?" मावशी म्हणाल्या. आम्ही अर्धा किलो घेतलं, कालवणाचं.